रोजच्या वापराला सिविक टाइप आर की गोल्फ आर? डोकं पार भंजाळलंय

तिसरा_गिअर :
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसतं वाचून गुपचूप सटकणाऱ्यातला, पण आता गाडी बदलायचीच आहे आणि काही केल्या ठरत नाहीये म्हणून विचारतोय. दोन गाड्यांवर येऊन अडकलोय. एक होंडा सिविक टाइप आर, म्हणजे २०२२ ला आलेली एफएल५, आणि दुसरी फोक्सवॅगन गोल्फ आर, आठव्या पिढीची. नवी किंवा थोडी वापरलेली, दोन्हीला तयारी आहे. घरात गाडी एकच राहणार, म्हणजे ऑफिसला तीच, लेकीला शाळेत सोडायला तीच, सामान आणायला तीच आणि रविवारी पहाटे घाटात पळायलाही तीच.

कागदावरचं सगळं पाठ झालंय. दोन्हीला २ लिटरचं टर्बो पेट्रोल, दोन्हीचा टॉर्क ४२० न्यूटन मीटर, पॉवर दोन्हीची ३२० पीएसच्या आजूबाजूला (बाजारानुसार आकडा थोडा हलतो), म्हणजे एकोणीस-वीसचा फरक. होंडाला फक्त सहा गिअरची मॅन्युअल आणि पुढची दोन चाकं ओढणार, गोल्फला सात गिअरची डीएसजी (दोन क्लचवाली ऑटोमॅटिक) आणि चारी चाकं. शून्य ते शंभर गोल्फ ४.७ सेकंदात, होंडा ५.४. आणि या पाठांतराचा मला काडीचा उपयोग होत नाहीये कारण माझा निम्मा रस्ता ट्रॅफिकचा, तिथे शून्य ते शंभर राहू दे, शून्य ते तीस गेली तरी नशीब.

तर ज्यांनी यातली एखादी रोजच्या धबडग्यात वापरलीय त्यांनीच सांगा प्लीज. रिव्ह्यू करणाऱ्यांना गाडी मिळते मोजके दिवस, रस्ता मोकळा, टाकी फुल आणि मागच्या सीटवर कोणी "बाबा मळमळतंय" म्हणत नसतं.

सातवी_लेन :
मी गोल्फ आर रोज चालवतो, तेव्हा माझा कल कुठे ते आधीच कळलं असेल, तसंच धरून वाच.

या गाडीची सगळ्यात मोठी गंमत अशी की कम्फर्ट मोडला ती चक्क साधी गोल्फ होते. कोणाला शेजारी बसवलं तर त्याला पत्ताही लागत नाही की ही ती वाली आहे. एक्झॉस्ट गप्प, स्टिअरिंग हलकं, गिअर आपले आपण वर सरकत जातात आणि साठच्या स्पीडला तू वरच्या गिअरमध्ये पोचलेला असतोस. मग समोर मोकळा रस्ता दिसला की एक बटण, आणि तीच गाडी अंगावर येते. रोजच्या गाडीला हे दोन चेहरे पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सकाळी आठ वाजता, झोप पूर्ण झालेली नसताना, कोणाला स्पोर्ट मोड नको असतो.

पण एक गोष्ट नीट बघ. अ‍ॅडॅप्टिव्ह डॅम्पर, म्हणजे मोडप्रमाणे मऊ-कडक होणारं सस्पेन्शन, ज्याला ते डीसीसी म्हणतात, तो बऱ्याच बाजारांत ऑप्शनल होता. वापरलेली घेणार असशील तर डीसीसी आहे का हा पहिला प्रश्न, रंग बिंग नंतर. डीसीसी असली की इंडिव्हिज्युअल मोडमध्ये सस्पेन्शनचा स्लायडर मिळतो, तो कम्फर्टच्याही खाली नेता येतो, खराब रस्त्याला मी तिथेच ठेवतो आणि इंजिन मात्र स्पोर्टला.

डीएसजीबद्दल खरं ते सांगतो. ट्रॅफिकमध्ये ती टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकइतकी मऊ नाही आणि होणार पण नाही, कारण आत शेवटी दोन क्लचच आहेत, फक्त ते दाबायला तुझ्याऐवजी कॉम्प्युटर बसलाय. पाय अर्धवट ब्रेकवर ठेवून मुंगीच्या चालीने सरकत राहिलास की क्लच सतत घसरत राहतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये किंचित हिसका जाणवतो, इंजिन थंड असेल तर जास्त. तेलात बुडालेले क्लच आहेत म्हणून लगेच काही होत नाही. पण सवय लावून घ्यायची ती अशी की पुढच्याला थोडं सरकू दे, जागा झाली की मग नीट ब्रेक सोडून जा आणि परत पूर्ण थांब.

आणि हो, आतले टच कंट्रोल. आवाज आणि एसीचे ते स्लायडर सुरुवातीच्या गाड्यांत रात्री उजळत नाहीत, म्हणजे अंधारात चाचपडायचं. २०२४ च्या फेसलिफ्टमध्ये त्यात लाइट आला आणि पॉवरही ३३३ पीएस झाली. स्टिअरिंगवरच्या टच बटणांना वळताना तळवा लागतो, याच्यावर जगभरच्या रिव्ह्यूत शिव्या पडल्यात आणि त्या योग्यच आहेत. टेस्ट ड्राइव्हला मुद्दाम पार्किंगमध्ये फुल लॉक वळवून बघ, तुझ्या हाताला किती खटकतं ते तिथेच कळेल.

फुकटचा_सल्ला :
दोन्ही सोडा. गोल्फचीच जीटीआय घ्या. ९० टक्के मजा, निम्मा ताप.

हीलटो_ताई :
आलेच जीटीआयवाले. प्रत्येक चर्चेत येतात, हजेरी लावतात आणि जातात 😄 जीटीआय छान गाडी आहे हो, पण माणूस दोन गाड्यांवर जीव टाकून बसलाय, त्याला तिसरी सांगून काय होणार, ती घेतली तरी उरलेलं आयुष्य हा टाइप आरचे फोटो बघत काढणार.

दादा, मी टाइप आर चालवते, एफएल५च. रोज, पावसात, ट्रॅफिकमध्ये, सगळीकडे. लोकांना वाटतं मॅन्युअल आणि ट्रॅफिक म्हणजे शिक्षा, पण या गाडीचा क्लच इतका हलका आहे की ३०० च्या वर पॉवरची गाडी आहे यावर विश्वास बसत नाही. ब्रेक होल्ड आहे, सिग्नलला पाय काढून बसता येतं. आणि गिअर लिव्हर... त्याबद्दल किती लिहू. छोटा थ्रो, खट्‌ असा नेमका बसतो, मधे कुठे लोणी नाही, चाचपणं नाही. माझं म्हणणं एवढंच की गोल्फ आरची मजा यायला तुला रस्ता मोकळा लागतो. टाइप आरमध्ये चाळीसच्या स्पीडला दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलं तरी बरं वाटतं. आता तूच म्हणतोस तुझा निम्मा रस्ता ट्रॅफिकचा, मग तिथे मजा देणारी गाडी कोणती?

(तो गिअर नॉब अ‍ॅल्युमिनियमचा आहे बरं का. उन्हात गाडी उभी केलीस तर हात लावून बघ, आई गं. आणि कडाक्याच्या थंडीत उलटं, बर्फाचा गोळा धरल्यासारखं. मी त्यावर जुना मोजा घालून ठेवते, शोभेचं काय ते बघून घेऊ.)

राइडचं म्हणशील तर आधीच्या पिढीच्या एफके८ ला २० इंची चाकं होती, हिला १९ आली आणि टायर रुंद झाला. इंडिव्हिज्युअल मोड हा एफएल५ मध्ये नव्याने आला, आणि रोजच्यासाठी तोच कामाचा. सस्पेन्शन कम्फर्ट, इंजिन स्पोर्ट, स्टिअरिंग तुझ्या आवडीचं. +आर मोड रस्त्यावर विसरून जा, तो ट्रॅकसाठी आहे, साध्या रस्त्याला पोटातलं पाणी हलतं. कम्फर्टमध्येसुद्धा ती कडकच आहे हे मी लपवत नाही, पण ठोकत नाही, डॅम्पर चांगले आहेत म्हणून धक्का एकदाच येतो आणि संपतो, नंतर हिंदकळत बसत नाही. लेकरांना मळमळतं ते बहुतेक त्या हिंदकळण्याने.

आता वाईट पण सांगते. मागे फक्त दोघं बसतात, मधे सीटच नाही, कप ठेवायची जागा आहे. आजी-आजोबा आणि लेक असे तिघं मागे कधी बसणार असतील तर विषय तिथेच संपला. रुंदी १८९० मिमी आहे आणि लांबी जवळजवळ ४.६ मीटर, गोल्फपेक्षा १० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब, वळायला पण जागा जास्त लागते, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये हे रोज जाणवतं. हायवेला टायरचा आवाज आत येतो, फोनवर बोलताना जरा ओरडावं लागतं. आणि तो मागचा पंख! सिग्नलला शेजारच्या गाडीतला कोणीतरी रोज अ‍ॅक्सिलरेटर घुमवून दाखवतो. सुरुवातीला हसू येतं, मग कंटाळा येतो.

त्या बदल्यात पाय ठेवायला मागे भरपूर जागा, चाइल्ड सीट मागे तोंड करून लावली तरी पुढच्याचे गुडघे डॅशबोर्डला लागत नाहीत, आणि मागचं दार आख्खं वर उघडतं, बूट ४१० लिटरचा. सामान आणायला गोल्फपेक्षा ही बरी.

सातवी_लेन :
ताई मुद्दे पटले, पण पावसाचं बोललाच नाहीत. ४२० एनएम फक्त पुढच्या दोन चाकांवर, ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला की काय होतं ते पण लिहा की. गोल्फ आरमध्ये मागच्या बाजूला दोन वेगळे क्लच आहेत, डाव्या चाकाला एक, उजव्याला एक. मागे जेवढा टॉर्क जातो तो सगळाच्या सगळा हवा तर एकाच चाकाला देता येतो, म्हणून वळणात बाहेरच्या चाकाला जास्त मिळतो आणि गाडी आत ओढली जाते. सातव्या पिढीत हे नव्हतं, तिथे पुढे-मागे वाटणारा एकच क्लच होता, म्हणून ती गाडी सुरक्षित असूनही जरा कोरडी वाटायची. पावसातल्या चढावर ही गाडी काय करते ते एकदा बघितलं की दोन चाकांच्या गाडीत बसवत नाही.

हीलटो_ताई :
ओल्यात दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला तर चाकं फिरतात, हो, फिरतात. मग पाय थोडा कमी द्यायचा 🙂 हातात स्टिअरिंग मात्र शांत राहतं. होंडाने पुढचं सस्पेन्शन असं बनवलंय की स्टिअरिंगबरोबर फिरणारा भाग स्ट्रटपासून (सस्पेन्शनच्या उभ्या खांबापासून) वेगळा आहे, त्यामुळे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष चाकाच्या मध्याजवळ येतो आणि टॉर्कने स्टिअरिंग इकडे तिकडे खेचलं जात नाही. वर खरा मेकॅनिकल एलएसडी, म्हणजे एकच चाक फुकट फिरत राहू नये म्हणून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवणारा डिफरेन्शियल. जर्मनीतल्या नर्बुर्गरिंग रेस ट्रॅकला २०२३ मध्ये ७ मिनिटं ४४.८८१ सेकंदांचा टाइम मारलाय, पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांचा विक्रम होता तो. बिचारी अगदीच काही लंगडी नाहीये.

तिसरा_गिअर :
नर्बुर्गरिंग राहू दे ताई, माझ्या रस्त्यात शाळेचा सिग्नल आहे 😅

बरं, तुम्ही विचारायच्या आत माझी बाजू सांगतो. बायको पण चालवणार आहे आणि तिला मॅन्युअलच आवडते, ऑटोमॅटिकला ती "व्हिडिओ गेम" म्हणते. आम्ही दोघं आणि एक लेक, आईबाबा वर्षातून काही वेळा येतात तेव्हा तिघं मागे बसतात. आणि खरी गोची म्हणजे माझा डावा गुडघा. जुनी दुखापत आहे, चालायला काही नाही पण सतत क्लच मारून संध्याकाळी ठणकतो. म्हणजे बायकोसाठी होंडा, गुडघ्यासाठी गोल्फ, आणि मी मधल्या मधे.

फुकटचा_सल्ला :
जीटीआय. ऑटोमॅटिक. मागे तीन सीट. मी फक्त सांगतोय.

तेलकट_हात :
सगळं वाचलं. मी गाड्या विकत नाही, खोलतो, त्यामुळे माझा चष्मा वेगळा आहे.

पहिलं टायर. तुम्ही सगळे मोड आणि डॅम्परवर भांडताय आणि मूळ गोष्ट कोणी बघत नाहीये. टाइप आरला येतो २६५/३० आर१९. याचा अर्थ टायरची भिंत रुंदीच्या ३० टक्के, म्हणजे जेमतेम ८० मिलिमीटर. गोल्फ आरला १९ इंची घेतलीस तर २३५/३५, तिथे ८२. म्हणजे खड्ड्यात दोन्हींचं नशीब सारखंच, रिम वाकायला किंवा टायरला फुगा यायला फार वेळ लागत नाही. पण बऱ्याच ठिकाणी गोल्फ आर १८ इंचावर पण यायची, २२५/४० मध्ये, तिथे भिंत ९० मिमीची होते. आठ-दहा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही वाटत, चालवताना मात्र आख्खी गाडी बदलते. रस्ता खराब असेल तर १८ इंची गाडी शोध, दिसायला डावी असली तरी. मोठ्या चाकांचा शौक फोटोपुरता असतो, बिल रोजच्याला येतं.

दुसरं, चारी चाकांचं. सातवी_लेन बरोबर बोलला, पण अर्धंच बोलला. चारी चाकांची ताकद गाडी पळवायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक मारताना सगळ्याच गाड्यांना चारच टायर असतात आणि काम सगळं रबर करतं. ओल्यात गोल्फ सुसाट निघते म्हणून माणूस समजतो ग्रिप भरपूर आहे, आणि पुढच्या वळणावर त्याला खरं कळतं. टाइप आर निदान चाक फिरवून आधी सांगून टाकते की रस्ता निसरडा आहे. तसंच हे सगळे समर टायर, पारा साताच्या खाली गेला की रबर कडक होतं, थंड भागात राहत असशील तर टायरचा दुसरा सेट धरूनच चाल, गाडी कुठलीही असो.

आणि चारी चाकांच्या गाडीत एक टायर फाटला तर एकच नवीन टाकून भागत नाही. नवीन आणि झिजलेल्या टायरचा घेर वेगळा, त्यामुळे चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि मागच्या क्लचना वाटतं गाडी कायम घसरतेय. निदान जोडी बदल, आणि झीज जास्त असेल तर चारही. टाइप आरला पुढचे टायर पटापट झिजतात, पण चारही एकाच साइजचे असल्यामुळे पुढचे मागे, मागचे पुढे करता येतात, आळस करू नका.

तिसरं इंजिन. दोन्ही इंजिनं दणकट आहेत, त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. दोन्हीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारतात. जुन्या पद्धतीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जायचं आणि ते धुतले जायचे, इथे ते होत नाही, कालांतराने व्हॉल्व्हवर काजळी बसते. छोट्या छोट्या अंतराला, इंजिन गरम व्हायच्या आत बंद करत राहिलात तर जास्तच. तुझं घर ते शाळा ते ऑफिस किती आहे माहीत नाही, पण आठवड्यातून एकदा तरी गाडी नीट तापवून लांब पळव. कूलंटचा काटा मधे आला म्हणजे इंजिन तापलं असं नसतं, तेल त्याच्या मागून बऱ्याच वेळाने तापतं. तेल तापेपर्यंत टर्बोला त्रास देऊ नका. आणि कंपनी म्हणते त्याच्या आधी तेल बदललंत तर गाडीला वाईट वाटत नाही.

चौथं आणि वापरलेलीसाठी सगळ्यात महत्त्वाचं, रिमॅप, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं. गोल्फ आरच्या इंजिनातून नुसत्या सॉफ्टवेअरने भरपूर पॉवर काढता येते म्हणून लोक काढतात, विकताना परत मूळ सॉफ्टवेअर टाकतात आणि "एकदम स्टॉक आहे सर" म्हणतात. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती, कंपनीचं नाव सोडा, दुसऱ्याच ब्रँडची होती, कागद चकाचक, आणि आत इंटरकूलरचे पाइप आफ्टरमार्केट. मालकाने सॉफ्टवेअर पुसलं, पाइप विसरला. त्यामुळे बॉनेट उघडून क्लॅम्प बघ, कुठे नवे चकचकीत क्लॅम्प आणि आजूबाजूला जुनी धूळ असेल तर प्रश्न विचार. टाइप आरमध्ये क्लच बघ. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला असताना पूर्ण पाय दे, आरपीएम वर उडाले आणि स्पीड मागे राहिला तर क्लच संपत आलाय. हे दोन मिनिटांचं काम आहे पण लोक टेस्ट ड्राइव्हला ब्लूटूथ जोडत बसतात.

तिसरा_गिअर :
काका, तुम्ही हे सगळं फुकट सांगताय, खूप आभार. रिमॅपवाला मुद्दा डोक्यातच नव्हता.

हीलटो_ताई :
काकांचं टायर गणित आवडलं. टाइप आरला १८ इंची चाकं लावणारे पण आहेत ना?

तेलकट_हात :
आहेत. २६५/३५ आर१८ लावलं तर भिंत ९३ मिमीच्या आसपास जाते आणि चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच राहते, मिलिमीटरभराचा फरक, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. पण पुढे ३५० मिमीची डिस्क आणि मोठा कॅलिपर आहे, कुठलीही १८ इंची रिम त्यावरून जात नाही, आधी लावून, फिरवून बघायची. आणि इन्शुरन्सवाल्याला विचारून.

सातवी_लेन :
वहिनींना मॅन्युअल आवडत असेल तर एक वाट आहे. उत्तर अमेरिकेत आठव्या पिढीची गोल्फ आर सहा गिअर मॅन्युअलमध्ये पण विकली जायची. टॉर्क जरा कमी, ३८० एनएम. फेसलिफ्टनंतर ती बंद झाली. तुझ्या बाजारात होती का बघ. पण मग गुडघ्याचं काय, तो प्रश्न तसाच.

अजून एक. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत आपोआप चालणं. रांगेत डीएसजी गाडी स्वतः थांबते आणि पुन्हा स्वतः निघते. मॅन्युअलमध्ये हळू वेगाला ते सोडून द्यावं लागतं, साहजिक आहे, क्लच कोण दाबणार. ट्रॅफिकमध्ये हा फरक पॉवरपेक्षा कैक पटीने मोठा आहे.

शांत_चालक :
मधेच बोलतोय. माझ्या मते प्रश्न गुडघ्यावर मिटला. ज्या गाडीने संध्याकाळी पाय दुखतो ती गाडी दोन महिन्यांत घरी उभी राहणार आणि माणूस बस पकडणार. कितीही भारी गिअर लिव्हर असला तरी.

हीलटो_ताई :
हे मात्र खरं. हलका क्लच म्हणजे पण क्लचच. दादा, शोरूमभोवती गोल मारून काही कळणार नाही. त्यांच्याकडून जरा जास्त वेळ गाडी माग आणि तुझ्या ऑफिस सुटायच्या वेळेला तुझ्याच रस्त्यावर ने. गुडघा त्या ट्रॅफिकमध्येच खरं बोलेल.

तिसरा_गिअर :
अपडेट देतो. दोन्ही चालवल्या, ताईंनी सांगितलं तसं संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्येच. टाइप आर देणाऱ्याने आधी तोंड वाकडं केलं पण दिली.

काय सांगू, टाइप आर म्हणजे जादू आहे. स्टिअरिंग, ब्रेक, तो गिअर, सीट तर अशी की कोणीतरी खांद्याला धरून बसवलंय. बायको उतरायलाच तयार नव्हती. पण मी रांगेत बराच वेळ काढल्यावर गुडघा बोलायला लागला, ठणका नाही, पण आठवण करून दिली त्याने. रोज तेच करायचं म्हटलं तर नको. गोल्फमध्ये बसल्यावर पहिल्यांदा जरा हिरमोड झाला, आत सगळं काळं आणि ते स्लायडर. फुल लॉक वळवताना तळवा बटणाला लागला, सातवी_लेन, तुझा चेहरा डोळ्यासमोर आला. पण नंतर रांग लागली आणि मी नुसता बसलो होतो, लेक मागे गाणी म्हणत होती, आणि मग मोकळा पट्टा आला तिथे स्पोर्टला टाकली आणि बायको म्हणाली "अरे बापरे". नंतर लगेच म्हणाली, स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल शिफ्टर मी वापरणार, तू हात लावायचा नाहीस. म्हणजे व्हिडिओ गेम पास.

तर आता गोल्फ आर, डीसीसीवाली, जमल्यास १८ इंची, वापरलेली. एक बघून ठेवलीय, फोटोत तरी नीट दिसतेय, १९ इंची आहे पण मालक म्हणतो १८ इंची चाकं पण आहेत त्याच्याकडे पडून. उद्या-परवा बघायला जाणार. काका, नेमकं काय काय बघू?

फुकटचा_सल्ला :
अभिनंदन. (जीटीआय पण बघून ये.)

तेलकट_हात :
आधी ती १८ इंची चाकं मूळ कंपनीची आहेत का बघ आणि रिमच्या आतल्या कडेवरून बोट फिरव, बाहेरून चकचकीत असतात आणि आत वाकलेल्या असतात. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि सारखेच झिजलेले हवेत, मागच्या क्लचचं मी वर लिहिलंय. झीज आतल्या बाजूला जास्त असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा गाडी कुठेतरी जोरात आपटलीय.

सर्व्हिस बुकात नुसतं इंजिन तेल बघू नकोस, डीएसजीचं तेल आणि मागच्या ड्राइव्हचं तेल ठरलेल्या वेळी बदललंय का ते बघ, लोक नेमकं तेच टाळतात. चालवताना सपाट रस्त्यावर ब्रेक हळूच सोड आणि गाडी कशी निघते ते बघ, थरथरत निघाली तर सोडून दे. रिव्हर्समध्ये चढावर पण कर. मग मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरव, दोन्ही बाजूंना, मागून अडखळल्यासारखं किंवा खडखड वाटलं तर तिथेच थांबायचं. डीसीसीचे मोड बदलून एकाच स्पीडब्रेकरवरून दोनदा जा, फरक कळला नाही तर डॅम्पर गेलाय किंवा डीसीसी मुळात नाहीच.

आणि मालकाला आदल्या रात्री फोन करून सांग की मी यायच्या आधी गाडी सुरू करायची नाही, थंड गाडीतच खोट कळते. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेव. गरम लागली तर चहा पिऊन परत ये, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.